चौकट आणि रात्र : वृत्तपत्रीय चित्रमालिकेतील कालतत्त्व

वृत्तपत्रातील चित्रमालिका हा साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. व्यंगचित्रकलेविषयी वसंत सरवटे यांच्यासारख्या कलावंताने मराठीत गांभीर्याने लिहिले आहे. परंतु तीच ती पात्रे घेऊन रोज तीन-चार चौकटींत अवतरणारी आणि वर्षानुवर्षे चालणारी मालिका ही व्यंगचित्राची एक उपशाखा आहे, असे गृहीत धरून ती बाजूला ठेवण्याची आपली रीत आहे. या रीतीमागे एक गैरसमज आहे. सुटे व्यंगचित्र आणि चित्रमालिका यांतील भेद केवळ चौकटींच्या संख्येचा नव्हे. सुटे व्यंगचित्र ज्या दिवशी छापले जाते त्या दिवशीच पूर्ण होते. चित्रमालिका मात्र त्या दिवशी कधीच पूर्ण होत नाही. तिचे खरे माध्यम रेषा आणि शब्द यांच्या जोडीला दिनदर्शिका हेही आहे. वाचकाच्या आयुष्यातील प्रत्यक्ष दिवस हे ती आपल्या घडणीचे द्रव्य म्हणून वापरते. प्रस्तुत लेखात या कालतत्त्वाचा विचार काही निवडक मालिकांच्या आधारे करावयाचा आहे. निवड अर्थातच लेखकाच्या आवडीची आहे आणि ती बहुतांशी अमेरिकेतील आहे, कारण हा प्रकार तेथील दैनिकांत रुजला आणि तेथेच त्याचे नाना प्रयोग झाले.

चित्रमालिकेच्या घडणीसंबंधी एक मूलभूत निरीक्षण स्कॉट मॅक्लाउड या अभ्यासक-चित्रकाराने १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. त्याचे म्हणणे असे की, या माध्यमातील महत्त्वाची जागा चौकटीत नसून दोन चौकटींमधील कोऱ्या फटीत असते. पहिल्या चौकटीत उगारलेला हात आणि दुसऱ्या चौकटीत ऐकू येणारी किंकाळी यांच्या मधली कृती वाचक स्वतः करतो. मॅक्लाउडने हा विचार प्रामुख्याने एका पृष्ठाच्या, एका पुस्तकाच्या संदर्भात केला आहे. दैनिकातील मालिकेला तो लावून पाहिला तर आणखी एक, याहून मोठी फट दिसू लागते. ती म्हणजे आजची शेवटची चौकट आणि उद्याची पहिली चौकट यांच्यामधली रात्र. चौकटींमधली फट वाचक क्षणार्धात ओलांडतो. रात्र मात्र त्याला ओलांडता येत नाही, ती जावी लागते. दैनिक चित्रमालिकेचे वेगळेपण या सक्तीच्या प्रतीक्षेत आहे.

चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी केवळ सात वृत्तपत्रांत सुरू झाली. हे नाव वितरणसंस्थेने दिले होते आणि ते शुल्झ यांना अखेरपर्यंत आवडले नाही. मालिकेचा चार समान चौकटींचा घाटही व्यापारी सोयीतून आला. जागेची बचत करणारी मालिका म्हणून ती संपादकांना विकली जात असे. चारही चौकटी सारख्याच आकाराच्या असल्याने त्या आडव्या, उभ्या किंवा दोनावर दोन अशा कशाही लावता येत. बाहेरून लादलेल्या या बंधनाचे शुल्झ यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. मराठी वाचकाला येथे ग्रंथिक ओवीची आठवण व्हावी. यमक जुळवीत आलेले पहिले तीन चरण आणि मग तोकडा, यमकाविना सोडलेला चौथा चरण, ही जी ओवीची चाल, तिच्याशी शुल्झ यांच्या चार चौकटींचे दूरचे नाते आहे. विनोदाचा आघात ते पुष्कळदा तिसऱ्याच चौकटीत उरकून घेतात. चौथ्या चौकटीत कोणी नुसताच बसलेला असतो, उसासा टाकतो, किंवा भिंतीवर हनुवटी टेकून दूर पाहतो. हसू ओसरल्यानंतर जे उरते ते या चौकटीत असते. १९८८ पासून शुल्झ यांनी चौकटींची संख्या व आकार मोकळे केले. त्यानंतरच्या कामातही उत्तम स्थळे आहेत. पण चौथ्या चरणाचा तो तोकडेपणा पुढे क्वचितच सापडतो असे माझे मत आहे.

आता एका प्रसंगाचा माग काढू. अमेरिकन फुटबॉलमध्ये एकाने अंडाकृती चेंडू बोटाने जमिनीवर उभा धरायचा आणि दुसऱ्याने धावत येऊन तो लाथाडायचा अशी एक पद्धत आहे. चार्ली ब्राउन धावत येतो, ऐनवेळी लूसी चेंडू काढून घेते आणि तो हवेत उडून पाठीवर आपटतो. हा प्रसंग 'पीनट्स'मध्ये जवळजवळ दर शरद ऋतूत येत राहिला. पहिल्यांदा, १९५१ मध्ये, चेंडू लूसीच्या हाती नव्हताच. तो व्हायोलेट नावाच्या मुलीने धरला होता आणि आपल्या हाताला लाथ बसेल या भीतीने तिने तो ओढून घेतला. त्यात दुष्टावा नव्हता. पुढल्या वर्षी लूसी आली आणि भीतीची जागा खोडीने घेतली. मग हळूहळू खोडीचे तत्त्वज्ञान झाले. या वेळी ती तसे करणार नाही असे चार्ली ब्राउनला वाटायला लावणारी नवनवी कारणे लूसी शोधू लागली, आणि विनोदाचे केंद्र आपटण्यावरून विश्वास ठेवण्यावर सरकले. १९७९ साली चार्ली ब्राउन आजारी पडून रुग्णालयात गेला असता, तो बरा झाला तर आपण पुन्हा कधी चेंडू काढून घेणार नाही असे वचन लूसीने दिले. तो बरा झाला, तिने वचन पाळले, चेंडू जागचा हलला नाही आणि त्याची लाथ नेमकी तिच्या हाताला बसली. व्हायोलेटला अठ्ठावीस वर्षांपूर्वी वाटलेली भीती अशी खरी ठरली. शुल्झ यांना ती जुनी मालिका त्या क्षणी आठवत होती की नाही, याला महत्त्व नाही; संहितेला ती आठवते.

हा प्रसंग शेवटचा आला तो २४ ऑक्टोबर १९९९ च्या रविवारी. लूसी चेंडू धरून बसली असताना तिला घरातून जेवायला हाक येते, म्हणून ती चेंडू धाकट्या भावाच्या, रीरनच्या, हाती देऊन जाते. मग तो घरात येतो. चेंडू काढून घेतलास की त्याला मारू दिलास, असे ती अधीरपणे विचारते. ते तुला कधीच कळणार नाही, असे तो सांगतो. चार्ली ब्राउनने चेंडू मारला की नाही हे वाचकालाही दाखविलेले नाही. ही एकच पट्टी सुटी वाचणाऱ्या नवख्या वाचकाला तीत काय दिसेल? भावाबहिणीची एक साधी कुरबुर. ज्याने अनेक शरद ऋतू काढले आहेत त्याच्या दृष्टीने मात्र तो एका दीर्घ रचनेचा शेवट आहे, आणि शेवट म्हणून तो विलक्षण उदार आहे. डिसेंबर १९९९ मध्ये शुल्झ यांनी आजारपणामुळे निवृत्ती जाहीर केली. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, शेवटची 'पीनट्स' छापून आली. एकूण १७,८९७ पट्ट्या. त्या सर्व त्यांच्या हातच्या. साहाय्यक त्यांनी कधी ठेवला नाही, आणि आपल्यामागे दुसऱ्या कोणी ही मालिका पुढे काढू नये असा त्यांचा आग्रह पाळला गेला.

यावरून मालिकेचे एकक कोणते, या प्रश्नाला उत्तर मिळते. आजची पट्टी हे एकक नव्हे. तसेच संपूर्ण मालिका हेही एकक नव्हे, कारण ती कोणी सलग वाचावी अशी तिची रचना नसते. एकक आहे ते परत येणे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचार मांडताना लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. चेंडूच्या प्रसंगात संवाद आहे, कारण तीच घटना पुन्हा घडते; विरोध आहे, कारण प्रत्येक वेळी कारण बदलते; आणि रीरनच्या पट्टीत समतोलही आहे. तथापि मर्ढेकरांची मांडणी पूर्ण झालेली, आपल्या सीमांत बंदिस्त असलेली कलाकृती गृहीत धरते. येथे दोन घटकांमध्ये एक वर्ष गेलेले असते आणि त्या वर्षात वाचक बदललेला असतो. लयीचा एक घटक कृतीबाहेर, वाचकाच्या आयुष्यात पडलेला आहे. कलाकृतीच्या स्वायत्ततेविषयीच्या आपल्या कल्पनांची परीक्षा पाहणारे असे उदाहरण म्हणूनही चित्रमालिकेकडे पाहायला हवे.

परत येण्याची ही कला टोकाला नेली ती जॉर्ज हेरिमन यांनी. 'क्रेझी कॅट' ही मालिका १९१३ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाली आणि १९४४ मध्ये हेरिमन यांच्या मृत्यूबरोबर संपली. या तीन दशकांत घडते ते एवढेच : इग्नॅट्झ नावाचा उंदीर क्रेझी नावाच्या मांजराच्या डोक्यात वीट मारतो, क्रेझीला ती वीट म्हणजे प्रेमाची खूण वाटते, क्रेझीवर मनातून प्रेम करणारा कुत्रा, ऑफिसर पप, उंदराला तुरुंगात टाकतो. घटना बदलत नाही, बदलते ते सभोवतालचे जग. अॅरिझोनातील वाळवंटाची आठवण देणारी ती भूमी दर चौकटीत रूप पालटते. पात्रे जागची हलत नाहीत, पण मागचा सुळका झाड होतो, दिवसाची रात्र होते. आघातालाच कृपा मानणाऱ्या क्रेझीकडे पाहून भक्तिकाव्याच्या वाचकाला काही ओळखीचे वाटेल. ही तुलना फार ताणू नये, पण ती मनात आल्यावाचून राहत नाही. गिल्बर्ट सेल्डीझ यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात या मालिकेचा गौरव केला, आणि १९४६ च्या संग्रहाला ई. ई. कमिंग्ज या कवीने प्रस्तावना लिहिली. तेथील साहित्यविचाराने चित्रमालिकेची दखल इतक्या लवकर घेतली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

काळाचा उपयोग करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पात्रांना वाढू देणे. फ्रँक किंग यांची 'गॅसोलीन अॅली' १९१८ मध्ये शिकागोच्या दैनिकात सुरू झाली तेव्हा ती मोटारगाड्यांच्या नादी लागलेल्या काही मित्रांची मालिका होती. स्त्रीवाचक मिळावेत म्हणून तीत एक तान्हे मूल आणावे अशी सूचना वरून आली. परंतु नायक वॉल्ट वॉलेट तर अविवाहित. तेव्हा १४ फेब्रुवारी १९२१ रोजी त्याच्या दाराशी कोणी एक बाळ ठेवून गेले. त्याचे नाव स्कीझिक्स पडले. मूल आले म्हणजे ते वाढणार, हे किंग यांनी मान्य केले, आणि येथेच मालिकेचे भाग्य उजळले. वाचकांच्या मुलांबरोबर स्कीझिक्स मोठा झाला, १९४२ मध्ये सैन्यात गेला, १९४४ मध्ये त्याचे लग्न झाले. एका दिवसाला एकच दिवस, या हिशोबाने चाललेली कादंबरी म्हणून या मालिकेकडे पाहता येते. पुढे ती इतरांच्या हाती गेली, आणि तेथे एक गमतीची अडचण उभी राहिली. वॉल्टची पत्नी फिलिस २००४ मध्ये मालिकेत मरण पावली. वॉल्टने मात्र शंभरी ओलांडली तरी त्याला जाऊ देण्याचे कोणाच्या मनात येईना. सर्वांना म्हातारे करणारी मालिका आपल्या मूळपुरुषापाशी येऊन अडखळली. कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांनी 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' या १९७९ ते २००८ या काळातील कुटुंबमालिकेत हे धैर्य अधिक दाखविले. घरातील फार्ली हा कुत्रा १९९५ मध्ये लहान मुलीला ओढ्यातून वाचविताना मरतो. तोपर्यंत तो वाचकांच्या घरातही तितकाच म्हातारा झालेला होता.

'पीनट्स'ची तऱ्हा या दोहोंच्या मधली आहे. श्रोडर १९५१ मध्ये आणि लायनस १९५२ मध्ये तान्ही बाळे म्हणून आले. चार्ली ब्राउनची बहीण सॅली १९५९ मध्ये जन्मली. ही मुले वाढत वाढत शाळेच्या वयापर्यंत आली आणि मग तेथेच थांबली. चार्ली ब्राउन तर बहुतेक जागचा हललाच नाही. काळ वाहतो पण एका पाळीपर्यंतच, मग सर्वांना एका वयाच्या खोलीत बंद करतो. शुल्झ यांच्या मालिकेतील खिन्नतेचे मूळ या अर्धवट वाढीत असावे.

बिल वॉटरसन यांनी 'केल्व्हिन अँड हॉब्ज'मध्ये काळ पूर्णपणे थांबविला. १८ नोव्हेंबर १९८५ ते ३१ डिसेंबर १९९५ या काळात, मधल्या दोन प्रदीर्घ रजा धरूनही, केल्व्हिन सहा वर्षांचाच राहिला. उन्हाळे, पानगळ, बर्फ हे सारे येते, शाळा पुन्हा पुन्हा सुरू होते, पण वाढदिवस हिशेबात धरला जात नाही. हॉब्ज हा वाघ केल्व्हिनच्या दृष्टीने जिवंत आणि इतरांच्या दृष्टीने कापडी खेळणे आहे. वॉटरसन यांनी या दोन्ही दृष्टींपैकी एकही खोटी ठरविली नाही, आणि हॉब्जची खेळणी बाजारात आणण्यास नकार दिला. हा नकार पुष्कळदा केवळ तत्त्वनिष्ठेचा म्हणून सांगितला जातो. त्याला कलात्मक कारणही आहे : दुकानात बाहुला मिळू लागला असता तर हॉब्ज काय आहे या प्रश्नाचा निकाल लागून गेला असता.

थांबलेल्या काळातही वॉटरसन यांनी रात्रीचा उपयोग किती नेमका केला, याचे उदाहरण म्हणजे १९८७ मधील रॅकूनच्या पिल्लाची कथा. केल्व्हिनला एक जखमी पिल्लू सापडते. ते घरी आणले जाते, खोक्यात ठेवले जाते. दुसऱ्या दिवशीच्या पट्टीत वडील सकाळी उठून पाहतात तो ते मेलेले असते. आज पुस्तकात ही कथा दोन पानांत संपते. त्या वर्षी वृत्तपत्र वाचणाऱ्याला मात्र पिल्लू जगेल की नाही हे न कळताच झोपावे लागत होते, आणि केल्व्हिनलाही तसेच. पात्र आणि वाचक एकाच रात्रीतून जातात, ही गोष्ट कादंबरीला, चित्रपटाला, कशालाच साधत नाही.

मराठी वाचकाचा परदेशी चित्रमालिकांशी परिचय झाला तो बव्हंशी या रात्रीवाचून. ली फॉक यांचा 'फँटम' १९३६ पासून अमेरिकन दैनिकांत रोज थोडा थोडा पुढे सरकत होता. आपल्याकडे तो १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून 'वेताळ' या नावाने आला, तो दैनिक पट्ट्या जोडून, काटछाट करून, पुस्तकाच्या रूपात. ज्या मुलांनी तो वाचला त्यांनी एका बैठकीत वाचला. वस्तुतः वेताळाची मूळ कल्पनाच काळाविषयीची आहे. लोक ज्याला अमर समजतात तो प्रत्यक्षात पिढ्यानुपिढ्या मरत आणि मुखवटा मुलाकडे देत आलेला एकविसावा पुरुष आहे. रोज मरणारा आणि रोज परत येणारा दैनिकाचा कागद हा त्याचा योग्य निवास होता.

मराठीत दैनिकाच्या लयीत वाढलेली मालिका म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू'. तो १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाला. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या ही मुले आणि शेजारच्या जोशीकाकू यांचे हे जग शहरी मध्यमवर्गीय आहे, आणि त्याच्या मर्यादाही त्या वर्गाच्याच आहेत. त्याचा विनोद सौम्य आहे. 'पीनट्स'मधील काळोख त्यात शोधू नये. तो वाचावा त्याच्या बोलीसाठी. आईने टाकलेल्या हाकेला मुलाने दिलेले उत्तर, घरकाम टाळण्याची शाब्दिक कसरत, मोठ्यांचेच शब्द त्यांच्यावर उलटविणे, या सगळ्यांत नव्वदच्या दशकातील घरगुती मराठीचा सूर जसा टिपला गेला आहे तसा त्या काळच्या कथेत अभावानेच आढळतो. चिंटूही वाढला नाही. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट काढला तेव्हा ज्यांनी तो शाळकरी वयात वाचला होता ते वाचक पालक झालेले होते. भाषाभ्यासकांनी या पट्ट्यांकडे बोलीचा संग्रह म्हणून जरी पाहिले तरी पुष्कळ सामग्री हाती लागेल. त्यासाठी निवडक पुस्तके पुरणार नाहीत, दैनिकाचे अंक तारीखवार पाहावे लागतील.

संगणकाच्या पडद्यावर आलेल्या वेबकॉमिक या प्रकाराने जागेचे बंधन नाहीसे केले. चौकटी कितीही, आकार कसाही. अनेकांनी या मोकळिकीचा उपयोग केला. केट बीटन यांची इतिहास आणि वाङ्मय यांची मिश्किल उलटतपासणी करणारी 'हार्क! अ व्हॅग्रंट' ही मालिका साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावी. परंतु पडद्यावर सारे जुने भाग एकाच वेळी हजर असतात, त्यामुळे रात्र जाते. ही हानी ओळखून काळच पुन्हा माध्यमात आणण्याचा प्रयत्न रँडल मन्रो यांनी केला. काडीच्या आकृत्यांची त्यांची 'एक्सकेसीडी' ही मालिका २००५ पासून चालू आहे. तीत २५ मार्च २०१३ रोजी 'टाइम' या शीर्षकाचे एक चित्र आले : समुद्रकाठी बसलेल्या दोन व्यक्ती. अर्ध्या तासाने त्याच जागी दुसरे चित्र आले, जवळजवळ तसेच. पुढे दर तासाला एक, असे २६ जुलैपर्यंत चालले आणि ३,०९९ चित्रे झाली. दोघे वाळूचा किल्ला बांधतात, पाणी वाढत असल्याचे त्यांच्या लक्षात येते, ते त्याचे कारण शोधायला निघतात. एका रात्रीच्या दृश्यातील ताऱ्यांच्या स्थानांवरून वाचकांनी ताडले की ही कथा हजारो वर्षांनंतरच्या भविष्यात घडते आहे. जे वाचक घड्याळाकडे पाहत बसले होते त्यांच्यासाठी पाण्याची पातळी खरोखरच चार महिने वाढत होती. २०१४ मध्ये या कृतीला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आज ती चित्रे भराभर पुढे ढकलून चित्रपटासारखी पाहता येतात. तशी पाहिल्यास कथा कळते. किल्ला मात्र काही मिनिटांतच वाहून जातो.

'पीनट्स'चे संपूर्ण पुनर्मुद्रण २००४ ते २०१६ या काळात खंडशः झाले असून एकेका खंडात दोन वर्षांच्या पट्ट्या आहेत. ज्याला ती नव्याने वाचावयाची असेल त्याने १९५०-५२ चा पहिला खंड मागे ठेवून पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातील एखादा घ्यावा, आणि एका वेळी एका आठवड्याच्या पट्ट्यांपलीकडे जाऊ नये.